संध्याकाळी सातपर्यंत

फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो, हातात कचऱ्याची पिशवी. आमच्या इमारतीची लिफ्ट पाचव्या मजल्यावर एक हिसका देते, रोजच देते, आणि त्या हिसक्याबरोबरच खिशात फोन थरथरला. सकाळचे सव्वासहा वाजले होते. नंबर पश्चिमेकडचा, कास्पियनच्या बाजूचा. पलीकडचा माणूस आधी माझं नाव विचारत राहिला, मग मी एल्दोसचा काका ना ते विचारत राहिला, मग म्हणाला, तुम्ही बसलेले आहात ना? लिफ्टमध्ये कुठे बसणार? मी म्हटलं, बसलोय. मग त्याने सांगितलं. तेलविहिरीवरची पाळी संपवून परतताना, पहाटे साडेचारला, सपाट माळावरच्या सरळसोट रस्त्यावर गाडीपुढे उंट आला. ड्रायव्हर वाचला. एल्दोस वाचला नाही. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, मिटलं, कोणीतरी वरून बटण दाबलं आणि मी तसाच पुन्हा वर गेलो. घरात शिरलो तर स्वयंपाकघरात रौशानवहिनी, एल्दोसची आई, दुधाचा चहा पीत बसलेली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती आठवडाभर आमच्याकडे अल्माटीत आली होती. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "काय रे मिर्झा, कचरा टाकायला नेतोस की त्याला फिरवून आणतोस?"

मी हसलो. ते हसू कुठून आलं मला माहीत नाही, पण आलं. आमच्यात नवी नवरी सासरच्या माणसांची नावं घेत नाही, प्रत्येकाला आपल्या पसंतीचं एक नाव देते. बेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाशी लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा, शेंबडा, अंगावर भावाचा ढगळ सदरा. तिने मला मिर्झा म्हणजे राजपुत्र करून टाकलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवता शिकवता केस पिकले तरी मी मिर्झाच. दीर-भावजयीची थट्टा आमच्यात चालायचीच. एक दिवस चालली नाही तर माणसं विचारतात, काय, भांडलात का? आणि ती तर थट्टेत पक्की. भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली, त्याच्या वर्षाच्या दिवशीही तिने मला सोडलं नव्हतं.

न्हाणीघरात नळ सोडून मी गौहरला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिने तोंडावर टॉवेल दाबला, मोजून एक मिनिट रडली, तोंड धुतलं, आणि तिथूनच गावाकडे आजोबांना, तासबोलात त्यांचं नाव, फोन लावला. आजोबा आमच्या कुळातले सगळ्यांत थोरले. ते म्हणाले, चार जणांना घेऊन निघतो, सहाशे किलोमीटर आहे, संध्याकाळी सातला पोचतो. तोवर सुनेच्या कानावर काही जाता कामा नये. मरणाची बातमी आमच्यात एकट्यादुकट्याने सांगायची नसते, फोनवर तर नाहीच. थोरली माणसं जमतात, जिचं माणूस गेलं तिला मधे बसवतात, इकडचं तिकडचं बोलतात, लांबून लांबून सुरुवात करतात आणि मग सांगतात. मागे बायका उभ्या असतात, सावरायला. "तिला बाहेर न्या," गौहर म्हणाली. "चारिनच्या दऱ्या दाखवून आणा. किती वर्षं म्हणतेय, डोळे जायच्या आधी चारिन बघायचंय. तिथे फोनला रेंज नसते. तिचा फोन मी चार्जिंगला म्हणून ठेवून घेते. आणि अहो, गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की तिला लगेच कळेल."

म्हणजे मला दिवसभर तिची थट्टा करायची होती.

गाडी पूर्वेला निघाली. सप्टेंबर संपत आला होता, शेलेक गावात रस्त्याच्या कडेला सफरचंदांच्या बादल्या मांडलेल्या. वहिनीने ठेवणीतला मखमली कोट घातला होता, डोक्याला नवा रुमाल. मांडीवर पिशवी, पिशवीत उकडलेली अंडी, रोटी, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. "एवढं कशाला घेतलंस," मी म्हटलं, "वाळवंटात मुक्काम करायचाय की काय?" "तुझा भरवसा काय? दगड बघत बसलास की तुला ना तहान ना भूक. दगड शिकवून पोट भरणारा आमच्या सात पिढ्यांत तू पहिलाच." "दगड उलट उत्तर तरी देत नाहीत." "म्हणूनच तुझी बायको म्हणते, घरात बोलायला विसरलाय." ती खदाखदा हसली. मीही हसलो. मला हे जमतंय याचीच मला भीती वाटत होती. जमू नये असं मनापासून वाटत होतं. थट्टा ही काही अवघड गोष्ट नाही, जीभ सवयीने चालते, पाय चालतात तशी. आणि खाली, पोटात, तो माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, तुम्ही बसलेले आहात ना, बसलेले आहात ना.

पण खरं सांगायचं तर मला त्या दिवशी एल्दोसपेक्षा मीच जास्त आठवत होतो. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं. नऊ वर्षांचा मी. ही नवी नवरी, एकोणीस वर्षांची, सकाळी मला म्हणाली, चल मिर्झा, कोकरं नदीवर नेऊ, तुला असिक खेळायला शिकवते. असिक म्हणजे मेंढीच्या घोट्याचं हाड. पोरं ती रंगवतात, रांगेत मांडतात, नेम धरून उडवतात. मला काय शिकवायचं होतं, मी गावात पटाईत होतो. तिच्याकडे माहेरून आणलेली तीसेक असिकं होती, तांबडी रंगवलेली. दिवसभर आम्ही नदीकाठी खेळलो. ती हरत गेली, मी जिंकत गेलो. ती कपाळाला हात लावून म्हणायची, लुटलं हो या मेल्याने मला, आता सासरी काय तोंड दाखवू! मी हसून हसून गवतात लोळलो. ऊन कललं तेव्हा ती म्हणाली, चल. मी दोन्ही खिसे भरून, खुळखुळत, ओरडत घराकडे धावलो, आईला दाखवायला. दारात गावातले पुरुष काठ्यांवर वाकून उभे होते आणि मोठ्याने रडत होते. मी त्यांच्यामधून हसतच आत शिरलो. बाप आदल्या रात्रीच तालुक्याच्या दवाखान्यात वारला होता. सगळ्या गावाला माहीत होतं. कोणीतरी माझ्या हातात काठी दिली, पुरुषांच्या रांगेत उभं केलं, आणि मी हुंदका दिला की खिशातली असिकं वाजत होती.

वर्षभर मी तिच्याशी बोललो नाही. नंतर बोललो, तीच डोकं धुवायची, तीच शाळेसाठी उठवायची, मला शहरात शिकायला पाठवा म्हणून सासूशी भांडली तीच. तिने मला वाढवलं. पण मनात एक आढी राहिली ती राहिलीच. माझा बाप मरून पडलेला आणि तू मला हसवत होतीस. मी जिंकावं म्हणून मुद्दाम नेम चुकवत होतीस. मला वेड्यात काढलंत सगळ्यांनी. तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झाल्यावर मी कोणाशी असं वागणार नाही. कोणी गेलं तर तोंडावर सांगेन, काय व्हायचं ते होवो. आणि आता बघा, तिलाच घेऊन मी सहलीला निघालो होतो.

काळ्या दरीच्या कठड्याशी आम्ही आधी थांबलो. रस्त्यापासून पाच मिनिटांची पायवाट. खाली नदी एवढीशी, दोन्ही बाजूंना कातळ करपलेला. वारा इतका की तिचा रुमाल उडून तोंडावर आला. ती काठापर्यंत गेली, आणखी एक पाऊल पुढे, आणि मी तिचा दंड धरला. जरा जास्तच जोरात धरला. "सोड रे, दुखतंय! ढकलायचा विचार होता की काय?" "होता," मी म्हटलं, "पण तुला वर काढायला क्रेन लागेल." "मेल्या!" तिने पाठीत धपाटा घातला. शेजारी एक रशियन जोडपं हसलं. आमची भाषा त्यांना कळत नव्हती, धपाटा कळला. मग ती बराच वेळ खाली बघत राहिली. "मोतीबिंदूतूनसुद्धा दिसतंय बघ," ती म्हणाली. "फक्त कडा जरा पुसट. एल्दोस सुटीवर आला की त्याला घेऊन येऊ. त्याला कुठे वेळ असतो, पंधरा दिवस काम, पंधरा दिवस झोप. यंदा त्याचं लग्न लावतेच. कोणी का असेना, पोरगी दोन पायांची असली म्हणजे झालं." लग्नानंतर बारा वर्षं तिला मूल नव्हतं. बाराव्या वर्षी हा झाला. मी मान फिरवून त्या करपलेल्या कातळाकडे बघत होतो. वर्गात मी या कातळावर दीड तास बोलतो. एक शब्द आठवत नव्हता.

किल्ल्यांच्या दरीशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आजीबाईंना खाली गाडीने पाठवा, वाट दोन किलोमीटर आहे. वहिनीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी असेल तुझी. मला अजून सून यायचीय." आणि ती चालू लागली. दोन्ही बाजूंना तांबड्या मातीचे बुरूज, मधे वाळूची वाट, पायाखाली ऊब. मला घाम फुटला होता. दर वळणावर ती थांबायची, मागे वळून म्हणायची, इथे फोटो काढ. हात कमरेवर, हनुवटी वर. "हस," मी सांगायचो. ती हसायची. "एल्दोसला पाठवायचा, कळू दे म्हणावं, तू तेलात लोळतोयस आणि आई बघ कुठे मिरवतेय." मी बटण दाबत होतो. चौदा फोटो काढले. चौदाव्या फोटोच्या वेळी मला तिच्या तोंडावर तो नऊ वर्षांचा पोरगा दिसला, खिसे भरलेला, दाराकडे धावत निघालेला. उद्या हिला आठवेल की या वेळी मी हसत होते. जन्मभर आठवेल. मला बेचाळीस वर्षं आठवलं तसंच. नाही, हे मी करणार नाही, मी मनाशी म्हटलं, आजोबांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि तसं ठरवल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

खाली नदीकाठी झाडांची सावली होती. तिने बूट-मोजे काढले, पाय पाण्यात सोडले आणि "आई गं, बर्फ आहे नुसता!" म्हणून ओरडली. एक अंडं मला दिलं, एक स्वतः सोलायला घेतलं. पाण्याचा आवाज फार मोठा होता. मी तिच्या अगदी जवळ सरकून बसलो.

"वहिनी," मी म्हटलं, "पहाटे एल्दोसच्या गाडीला अपघात झाला. तो वाचला नाही."

तिचा अंगठा कवचाखाली होता, तो तिथेच थांबला. मग हळूच पुढे सरकला, कवचाचा तुकडा निघाला, तिने तो पिशवीत टाकला. सबंध अंडं तिने सोलून पूर्ण केलं. मग ते रुमालावर ठेवलं.

"तुला कधी कळलं?"

"सव्वासहाला."

"थोरले निघालेत?"

"हो. तासबोलात आजोबा. सातला पोचतील."

तिने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "दीड वाजलाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, मी काही सांडलंय आणि ते पुसायचंय अशा आवाजात तिने विचारलं, "मग मला आत्ता का सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं. ते नदीवरचं, असिकांचं, काठ्यांवर वाकलेल्या माणसांमधून हसत आत शिरलो त्याचं, तू मुद्दाम हरलीस त्याचं. तुला असं फसवायचं नव्हतं मला, तू हसत होतीस ते मला बघवेना. ती ऐकत होती. पाय अजून पाण्यातच होते, लाल झाले होते.

"मला वाटायचं तुला कळलं असेल," ती म्हणाली. "एवढा शिकलास. सासूबाई सकाळी मला म्हणाल्या, पोराला संध्याकाळपर्यंत बाप असू दे. जा, घेऊन जा त्याला. मी एकोणीस वर्षांची होते रे. मला तरी काय कळत होतं? मी नदीवर तुझ्याशी खेळत होते आणि मनात म्हणत होते, अजून आहे याला बाप, अजून आहे. ऊन कलूच नये असं वाटत होतं." तिने पाय पाण्याबाहेर काढले. "सातपर्यंत माझं लेकरू होतं, मिर्झा. साडेपाच तास होते त्याचे. तू घेतलेस."

मला रडूही येईना. ती रडली असती तर बरं झालं असतं. पण ती कशी रडणार? आमच्या बायका एकट्या रडत नाहीत. गळ्यात गळा घालायला दुसरी लागते, सूर धरायला दुसरी लागते, मेलेल्याचा एकेक गुण घेऊन गायचं असतं आणि मागून कोणीतरी हो गं, हो गं म्हणायचं असतं. तिथे मी होतो, पाणी होतं, आणि झाडाखाली एक कोरियन कुटुंब कलिंगड कापत होतं. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने हात झटकला नाही, धरलाही नाही. खाली वाकून तिने मोजे चढवले, ओल्या पायांवर. उजवा चढेना. मी पुढे झालो तशी म्हणाली, "राहू दे."

वर जायला तिने गाडी घेतली नाही. दोन किलोमीटर चढ, तोच तांबडा रस्ता, ऊन आता तोंडावर. दर पन्नास पावलांनी ती थांबायची, भिंतीला हात टेकायची, पुन्हा निघायची. मी मागून चालत होतो, तिची पिशवी घेऊन. वाटेत त्या कोरियन कुटुंबातला बाप माझ्यापुढे फोन धरून खुणेने म्हणाला, आमचा सगळ्यांचा एक काढा ना. नाही कसं म्हणणार? मी काढला. ते ओळीत उभे राहून हसले, पोरांनी दोन बोटं वर केली. वहिनी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, त्यांचं होईपर्यंत. इतकं चुकलं होतं माझं, आणि ते सुधारायला जगात काहीही नव्हतं. सांगितलेली गोष्ट परत पोटात कशी घालायची? तिच्या भल्यासाठी सांगितलं, असं मी म्हणत होतो. खोटं. मला ते सहन होईना म्हणून सांगितलं. जड झालं म्हणून तिच्या हातात दिलं, आणि तिचे हात तेव्हा अंडं सोलत होते.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली. रडली नाही, मानही टेकली नाही, नुसती ताठ बसून होती. शेलेकच्या अलीकडे एकदम म्हणाली, "कोणाला सांगू नकोस."

"काय?"

"मला सांगितलंस ते. गौहरलासुद्धा नाही. आजोबा ऐंशी वर्षांचे, सहाशे किलोमीटर येतायत, त्यांनी सांगायचंय ते. तू आधी सांगितलंस कळलं तर मरेपर्यंत तुला ऐकवतील. दगड शिकवणाऱ्याला काय रीतभात, म्हणतील. आणि मला पण ते त्यांच्याकडूनच ऐकायचंय."

"वहिनी, तुला जमेल?"

"तुला सकाळपासून जमत होतं ना?"

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही दार उघडलं. सोप्यात चपलांची रांग. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर पाच म्हातारे, मधे तासबोलात आजोबा, टोपी डोक्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. भिंतीला लागून शेजारच्या बायका, त्यांत तिसऱ्या मजल्यावरची डॉक्टरीण पिशवी घेऊन. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. तिने कोट काढून गौहरकडे दिला, रुमाल नीट केला आणि म्हणाली, "अगं बाई, एवढी माणसं! काय, आमच्या मिर्झाचं दुसरं लग्न ठरवायला आलात की काय?" कोणी हसलं नाही. गौहरने कोटात तोंड लपवलं.

"बैस, सूनबाई," आजोबा म्हणाले. ती बसली. "चारिन बघितलंस म्हणे?"

"बघितलं, आजोबा."

"कसं आहे?"

"खोल आहे."

आजोबा प्रवासाचं बोलले. यंदाच्या गवताचं बोलले. तिच्या सासऱ्याचं, म्हणजे माझ्या बापाचं बोलले, तो कसा घोड्यावर बसायचा. तिच्या नवऱ्याचं बोलले. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, हो आजोबा, खरं आहे आजोबा. मी दाराला टेकून उभा होतो. आजोबा म्हणाले, देणाऱ्याने बारा वर्षं वाट बघायला लावून दिलं, सूनबाई, आणि देणाऱ्यानेच… मग त्यांनी एल्दोसचं नाव घेतलं. पहाट म्हणाले, माळ म्हणाले. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. आणि मला देवाशपथ वाटलं की तिला काही माहीत नाही. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला, आधी कपाळ, मग गाल, मग तोंड उघडलं आणि बराच वेळ आवाजच आला नाही. मग आला. बायका धावल्या, गळ्यात गळे पडले, गौहरने सूर धरला.

आमच्या बायका रडताना बोलतात, गाऊन बोलतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वहिनी त्याच्या पहिल्या दाताचं बोलली, त्याने मोडलेल्या सायकलचं बोलली, आईला पहिल्या पगारातून आणलेल्या मखमली कोटाचं बोलली. मग म्हणाली, माझ्या मिर्झाने मला दिवसभर फिरवलं गं, दिवसभर हसवलं, संध्याकाळी सातपर्यंत माझ्या एल्दोसला मरू दिलं नाही. हो गं, हो गं, बायका म्हणाल्या. मी बाहेर पुरुषांत जाऊन उभा राहिलो. आजोबा काठी टेकत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिवसभर एकट्याने पोटात ठेवलंस," ते म्हणाले. "सोपं नाही, पोरा. शाबास."